फोटो सॉफ्टवेअर दरवेळी त्याच फोल्डरवर क्रॅश होतंय: लांब पाथचा दोष कसा ओळखायचा, कसा काढायचा

इम्पोर्ट सुरू होतो, थंबनेल एकामागून एक भरत जातात आणि एका ठरावीक फोल्डरपाशी पोहोचलं की खिडकी काही न सांगता बंद होते. सॉफ्टवेअर पुन्हा उघडा, तोच फोल्डर निवडा, पुन्हा तेच. मग सॉफ्टवेअर काढून परत टाकलं जातं, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला जातो, रॅम वाढवली जाते. दोष मात्र जिथल्या तिथे, कारण तो फोल्डरांच्या आणि फाइलींच्या नावांत दडलेला असतो.

उलटंही तितकंच घडतं. नावं लांब आहेत असं कुणीतरी सांगतं, हजारो फाइलींची नावं घाईघाईत बदलली जातात, कॅटलॉगमधले (कुठला फोटो कुठे आहे याची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंदवही) दुवे तुटतात आणि क्रॅश चालूच राहतो, कारण खरा दोष अर्धवट कॉपी झालेल्या एका जेपेगचा होता. म्हणून नावांना हात लावण्याआधी दोष नावाचाच आहे हे पक्कं करून घ्या. त्याला अर्धा तास पुरतो. पुढचं बहुतेक विवेचन विंडोजबद्दल आहे, कारण ही तक्रार मुख्यतः तिथलीच.

क्रॅश ठरलेल्या जागी होतो की कुठेही?

पाथ म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतच्या सगळ्या नावांची साखळी. लांब पाथमुळे होणारा क्रॅश हट्टी असतो. तोच फोल्डर, तोच फोटो, तीच कृती: थंबनेल बनवताना, मेटाडेटा (फोटोसोबतची माहिती) सेव्ह करताना किंवा एक्स्पोर्ट करताना. मशीन बंद करून चालू केलं तरी जागा बदलत नाही. याउलट रॅम, तापणारा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर यांचा क्रॅश फिरता असतो. आज या फोटोवर, उद्या त्या, कधी तासभर नीट चालून मग. एकाच फोल्डरवर तीन वेळा प्रयत्न करा आणि दरवेळी कितव्या फोटोवर बंद पडलं ते कागदावर लिहा. तीनही वेळा एकच जागा आली तरच पुढे वाचा. जागा बदलत असेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

फक्त एक ध्यानात ठेवा. हट्टी क्रॅशचं दुसरं कारण म्हणजे खराब झालेली फाइल. तीही दरवेळी त्याच जागी पाडते. नाव की मजकूर, हा फरक काढण्यासाठी पुढे अदलाबदलीची चाचणी दिली आहे.

२६० चा हिशोब

विंडोजच्या जुन्या नियमाप्रमाणे फाइलचा पूर्ण पाथ २६० अक्षरांत बसायला हवा. त्यातलं शेवटचं स्थान ‘नाव इथे संपलं’ हे सांगणाऱ्या शून्याला जातं, म्हणजे हाती उरतात २५९. ड्राइव्हचं अक्षर, कोलन, प्रत्येक उलटा स्लॅश, प्रत्येक मोकळी जागा, टिंब आणि एक्स्टेन्शन, सगळं यात मोजलं जातं. नवा फोल्डर करताना मर्यादा आणखी कमी, २४७, कारण आत जुन्या पद्धतीचं निदान आठ अधिक तीन अक्षरांचं फाइलनाव मावावं म्हणून जागा राखलेली आहे. एकट्या नावाची मर्यादा वेगळी: २५५. म्हणूनच ‘माझं फाइलनाव तर फक्त ४० अक्षरांचं आहे’ या म्हणण्याला अर्थ नसतो. मोजायचा तो सगळा पाथ.

मग २५९ पेक्षा लांब पाथ तयार तरी कसे होतात? डिस्कवरची एनटीएफएस ही व्यवस्था स्वतः सुमारे ३२,७६७ अक्षरांपर्यंतचे पाथ सांभाळते. मर्यादा आहे ती जुन्या प्रोग्रामांना दिलेल्या दारात. आतल्या फाइली आधीच २४० वर असताना वरच्या फोल्डरचं नाव लांब केलं, की विंडोज आतल्या प्रत्येक फाइलचा पाथ तपासत बसत नाही आणि त्या गुपचूप मर्यादेपलीकडे जातात. एनएएसवरून (नेटवर्कवर जोडलेल्या साठवणीच्या पेटीवरून) किंवा मॅकवरून आलेल्या फोल्डरांचंही असंच होतं. झिप उघडताना झिपच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि त्याच्या आत त्याच नावाचा दुसरा असतो, म्हणजे तेच नाव दोनदा मोजलं गेलं. वनड्राइव्हने पिक्चर्स फोल्डरचा बॅकअप सुरू केला की तो फोल्डर यूजर्सच्या आत वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलतो, आणि ऑफिसचं खातं असेल तर त्या फोल्डरच्या नावात कंपनीचं पूर्ण नावही येतं. एकाही फाइलचं नाव न बदलता पाथ २०-३० अक्षरांनी वाढतो. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हे असतं.

आता क्रॅशच का, साधी एरर का नाही? प्रोग्राम लिहिताना पाथसाठी मेमरीत २६० खणांची जागा राखलेली असते. त्यात ३०० अक्षरं ओतली तर शेजारची मेमरी बिघडते. किंवा विंडोज ‘ही फाइल उघडता येत नाही’ असं रिकामं उत्तर देते आणि प्रोग्राम ते न तपासता फाइल मिळाली असं समजून पुढे जातो. दोन्हींचा शेवट एकच. चांगला लिहिलेला प्रोग्राम इथे फोटो सोडून देतो आणि यादीत नोंद करतो. जुने प्रोग्राम, आणि नव्या प्रोग्रामांत बसवलेले जुने प्लगइन (जोड-प्रोग्राम), इथे कोसळतात.

फोटोच्या कामात आणखी एक गोष्ट असते: सॉफ्टवेअर मूळ नावाला शेपट्या जोडत जातं. लाइटरूम क्लासिकमधून फोटोशॉपला पाठवलं की ‘-एडिट’, पॅनोरमाला ‘-पॅनो’, आणि डिनॉइज केल्यावर नवी फाइल बनवणाऱ्या जुन्या आवृत्त्यांत एआय डिनॉइजला (फोटोतले दाणे काढण्याला) ‘-एनहान्स्ड-एनआर’. ही शेवटची शेपटी इंग्रजीत १२ अक्षरांची आहे. मूळ रॉ फाइलचा पाथ २५१ असेल तर ती पाहता येते, रेटिंग देता येतं, सगळं सुरळीत वाटतं. अशा आवृत्तीत डिनॉइज केलं की नवा पाथ २६३ होतो आणि काम तिथेच अडतं. डिजिकॅम आणि डार्कटेबल ही सॉफ्टवेअरं एक्सएमपी साइडकार (फोटोशेजारची माहितीची छोटी फाइल) करताना मूळ एक्स्टेन्शनच्या पुढे टिंब एक्सएमपी जोडतात, म्हणजे आणखी चार. सेव्ह करताना तात्पुरती फाइल बनते तिचं नाव तर आपल्याला दिसतही नाही. ‘फोटो उघडतो, पण सेव्ह करताना बंद पडतं’ हे लक्षण ऐकलं की पहिला संशय या शेपट्यांवर घ्यावा.

मराठी नाव डोळ्याला छोटं, मशीनला मोठं

हा भाग मराठीत नावं देणाऱ्यांनी नीट वाचावा, कारण इंग्रजी मार्गदर्शनात तो सहसा सापडत नाही. एका फोल्डरचं नाव घ्या:

श्रीगणेश विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रोड पुणे अनंत चतुर्दशी रात्री

डोळ्याने मोजली तर यात २८ अक्षरं आहेत. विंडोज मात्र वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह प्रत्येकी वेगळं मोजते. ‘लक्ष्मी’ आपल्याला दोन अक्षरं, विंडोजला सात. अशा हिशोबाने वरचं नाव ५४ चिन्हं आणि ८ मोकळ्या जागा मिळून ६२ भरतं. लिनक्सच्या एक्स्ट४ डिस्कवर, म्हणजे बऱ्याच एनएएसवर, मोजणी बाइटमध्ये होते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात: ५४ गुणिले ३, अधिक ८, म्हणजे १७०. एक्स्ट४ला एका नावासाठी २५५ बाइट चालतात, तेव्हा हे बसतं. पण एनएएसवरचा फोल्डर एन्क्रिप्टेड असेल तर काही यंत्रणांत मर्यादा १४३ बाइटवर येते आणि हेच नाव तिथे नाकारलं जातं. म्हणजे एकच नाव २८, ६२ आणि १७०, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. मराठी नावासाठी लक्षात ठेवायचे आकडे दोन: एक्स्ट४वर जास्तीत जास्त ८५ चिन्हं, अशा एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये ४७.

दुसरी अडचण ‘ऱ्य’ची. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द तीन तऱ्हांनी टाइप होतो आणि तिन्ही पडद्यावर अगदी सारखे दिसतात. एका तऱ्हेत नुक्त्याचा ‘ऱ’ हे एकच चिन्ह असतं, मग शब्द १० चिन्हांचा. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि नुक्ता वेगवेगळे असतात, म्हणजे ११. तिसऱ्यात साधा ‘र’, पाय मोडण्याचं चिन्ह आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असतं, तेही ११. कुठला कीबोर्ड वापरला यावर पहिली की तिसरी तऱ्हा ते ठरतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावं दुसऱ्या तऱ्हेत मोडून साठवते. त्यामुळे मॅकवरून आलेला ‘अलिबागच्या किनाऱ्यावर’ आणि विंडोजवर केलेला ‘अलिबागच्या किनाऱ्यावर’ हे दोन वेगळे फोल्डर होऊन शेजारी बसू शकतात. कॅटलॉगमध्ये एकाची नोंद आणि डिस्कवर दुसरा, असं झालं की सॉफ्टवेअर म्हणतं फाइल नाही, आणि आपण म्हणतो समोर तर दिसतेय. यावर एकच उपाय: असं नाव पूर्ण पुसून त्याच मशीनवर नव्याने टाइप करा, कॉपी-पेस्ट नको.

तिसरी अडचण फार जुन्या सॉफ्टवेअरची. युनिकोड (सगळ्या लिप्यांची एकच संकेतपद्धत) न समजणारे प्रोग्राम विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (ठरावीक लिपींपुरत्या चिन्हांच्या तक्त्यावर) चालतात, आणि मराठीसाठी विंडोजमध्ये असं कोडपेज कधी नव्हतंच. त्यांना मराठी नाव प्रश्नचिन्हांची रांग म्हणून पोहोचतं. प्रश्नचिन्ह विंडोजच्या नावात चालत नाही, मग फाइल उघडत नाही. विंडोजच्या यूजरचं नावच मराठीत असेल तर तात्पुरत्या फाइलींचा फोल्डरही त्या पाथमध्ये येतो आणि सॉफ्टवेअर एकही फोटो उघडण्याआधी कोसळतं. तपासायला सोपं: इंग्रजीत छोट्या नावाचा नवा लोकल यूजर करा, त्यात शिरून तेच सॉफ्टवेअर चालवा. तिथे चाललं तर कारण सापडलं. आधीच्या यूजरचं दिसणारं नाव सेटिंगमधून बदलून काही होत नाही, कारण यूजर्समधला फोल्डर जुन्याच नावाने राहतो. विंडोजमधली युनिकोड यूटीएफ-८ची ‘बीटा’ खूण चालू करण्याचा सल्लाही बरेच देतात. त्यात मराठी नाव पोहोचतं खरं, पण जुना प्रोग्राम आता तेच २६० खण बाइटमध्ये मोजतो. दर चिन्हाला तीन बाइट म्हणजे ८६ चिन्हांच्या पुढे पुन्हा तोच क्रॅश.

अदलाबदलीची चाचणी

आधी संशयित फोटो शोधा. फोल्डरमध्ये १,६०० फोटो असतील तर निम्मे दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून त्यावर चालवा. पडलं तर त्यातलेच निम्मे, नाही पडलं तर उरलेले निम्मे. अशा जास्तीत जास्त ११ फेऱ्यांत एका फोटोवर पोहोचता येतं. फक्त कॉपी करताना पाथची लांबी कायम राहायला हवी, म्हणून नवा फोल्डर त्याच जागी, तितक्याच लांबीच्या नावाने करा. इथेच बहुतेकजण चुकतात. फोटो डेस्कटॉपवर आणतात, पाथ आपोआप छोटा होतो, क्रॅश होत नाही आणि शोध भलतीकडे जातो.

फोटो हाती लागला की दोन गोष्टी करा. त्याची एक प्रत सी ड्राइव्हवर ‘टी’ असा एका अक्षराचा फोल्डर करून त्यात ‘ए डॉट जेपीजी’ अशा नावाने ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मग कॅमेऱ्यातून नुकताच आलेला, नक्की चांगला असलेला दुसरा फोटो घ्या, त्याला संशयित फोटोचं हुबेहूब नाव द्या आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवून उघडा. मूळ फोटो त्याआधी बाजूला हलवायला विसरू नका.

छोट्या नावाने संशयित फोटो नीट उघडला आणि लांब नावाने चांगला फोटोही पडला, तर दोष पाथचा, शंका नको. छोट्या नावानेही संशयित फोटो पडला आणि चांगला फोटो लांब नावाने चालला, तर फाइल खराब आहे, नावं बदलून वेळ घालवू नका. दोन्ही पडले तर दोष दोन आहेत किंवा सॉफ्टवेअरच बिघडलं आहे. दोन्ही चालले तर बहुधा शेपटीचा मामला आहे. तेव्हा नुसतं उघडून थांबू नका. सेव्ह, एक्स्पोर्ट, मेटाडेटा लिहिणं, ज्या कृतीला पडत होतं तीच करून पाहा.

फोटो हलवायचे नसतील तर ‘सब्स्ट’ ही विंडोजची जुनी कमांड कामाला येते. कमांड प्रॉम्प्ट साधाच उघडा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून नको, कारण तसा केलेला ड्राइव्ह साध्या प्रोग्रामांना दिसत नाही. त्यात टाइप करा: सब्स्ट, मोकळी जागा, पी कोलन, मोकळी जागा, आणि अवतरण चिन्हांत मधल्या एखाद्या फोल्डरचा पाथ. आता तो फोल्डर पी ड्राइव्ह म्हणून दिसतो आणि १००-१५० अक्षरं एका फटक्यात गळतात. पी ड्राइव्हवरून चाललं, मूळ पाथवरून पडलं, म्हणजे लांबीच कारण. ही युक्ती तपासापुरतीच ठेवा. मशीन रीस्टार्ट झालं की पी ड्राइव्ह जातो, आणि त्यावरून कॅटलॉगमध्ये इम्पोर्ट केलेले सगळे फोटो हरवलेले दिसतात.

विंडोजची नोंद काय सांगते

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. क्रॅशच्या वेळेची ‘ॲप्लिकेशन एरर’ नावाची, १००० क्रमांकाची नोंद शोधा. १००२ असेल तर तो क्रॅश नव्हे, प्रोग्राम अडकून बसला होता. नोंदीत दोन ओळी महत्त्वाच्या: फॉल्टिंग मॉड्यूल आणि एक्सेप्शन कोड. मॉड्यूलचं नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचं असेल, म्हणजे एनव्हिडियाचं असेल तर ‘एनव्ही’ने, एएमडीचं असेल तर ‘एटीआय’ किंवा ‘एएमडी’ने सुरू होणारं, तर फाइलनावांचा विचार सोडा. एखाद्या प्लगइनचं नाव दिसलं तर तो प्लगइन बंद करून पाहा. कोडच्या शेवटी सी००००००५ असेल तर प्रोग्रामने नको त्या मेमरीत हात घातला. सी००००४०९ असेल तर राखलेली जागा ओसंडल्याचं पहाऱ्याच्या लक्षात आलं आणि त्याने प्रोग्राम थांबवला. हा दुसरा कोड लांब पाथशी जुळतो, पण तो इतर कारणांनीही येतो. एकट्या कोडवर निकाल देऊ नका.

याहून खोल जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर वापरा. फिल्टरमध्ये फक्त आपल्या सॉफ्टवेअरचं प्रोसेस-नाव ठेवा, क्रॅश घडवा, कंट्रोल आणि ई दाबून नोंद थांबवा, आणि ‘प्रोसेस एग्झिट’च्या ओळीपासून उलटं वर वाचा. इथे अनुभवी लोकही फसतात. ते ‘नेम टू लाँग’ असा शेरा शोधत बसतात. पण २६० ची मर्यादा ओलांडली की विंडोज ती विनंती खालपर्यंत जाऊच देत नाही, दारातूनच परत पाठवते. त्यामुळे प्रोसेस मॉनिटरला ती दिसत नाही. दिसतं ते इतकंच: फोल्डरची यादी वाचली गेली, एका फोटोपर्यंत सगळे उघडले, आणि यादीतला पुढचा फोटो उघडल्याची ओळच नाही. ती गैरहजर ओळ हाच पुरावा. ‘नेम नॉट फाउंड’ असे शेकडो शेरे मात्र दिसतील. त्यांना घाबरू नका, निरोगी प्रोग्रामही ते देतात. ‘नेम इन्व्हॅलिड’ आणि पाथमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर वर सांगितलेली मराठी नावांची तिसरी अडचण आहे.

लांब पाथ हुडकणं

एक-दोन फाइलींसाठी फाइल एक्सप्लोररचं ‘कॉपी ॲज पाथ’ पुरे. विंडोज १० मध्ये ते शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावर मिळतं. पाथ एक्सेलच्या खान्यात चिकटवा, शेजारी ‘लेन’ सूत्र लावा, दोन टोकांच्या अवतरण चिन्हांचे २ वजा करा. एक्सेल आणि विंडोज एकाच पद्धतीने मोजतात, त्यामुळे मराठी नावांचा आकडाही बरोबर येतो. पूर्ण संग्रहासाठी पाथ लेंग्थ चेकर हे मोफत साधन सोयीचं आहे: वरचा फोल्डर द्या, किमान लांबी २०० ठेवा, यादी लांबीनुसार लावा.

२५९ च्या पुढच्या फाइली आधी पाहायच्याच, पण २३० ते २५९ मधल्या सोडू नका. शेपट्यांचे बळी तेच. आणि नावाच्या शेवटी मोकळी जागा किंवा टिंब असलेले, मॅकवरून आलेले फोल्डरही याच फेरीत पकडा. विंडोजवर तेही उघडताना दगा देतात.

दुरुस्ती: वरून खाली, फोल्डर आधी

सुरुवात कॅटलॉगच्या बॅकअपने. मग फाइलींना न शिवता फोल्डरांची नावं छोटी करा. एका वरच्या फोल्डरमधली ४० अक्षरं कमी केली की आतल्या सगळ्या फाइली ४० ने खाली येतात, आणि कॅटलॉगला फक्त एक बदल कळवावा लागतो.

लाइटरूम क्लासिकमध्ये लायब्ररीच्या फोल्डर्स पॅनेलमध्ये राइट क्लिक करून रीनेम करा. तो फोल्डर निवडताच सॉफ्टवेअर पडत असेल तर ते बंद करून नाव एक्सप्लोररमध्ये बदला. नंतर पॅनेलमध्ये त्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह येईल. राइट क्लिक, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’, नवा फोल्डर दाखवा. आतले उपफोल्डर आपोआप जुळतात. फाइलींची नावं मात्र बाहेरून बदलू नका, नाहीतर एकेक फोटो हाताने जुळवत बसावं लागेल. ती लायब्ररीतच, फोटो निवडून, एफ२ ने बदला. डिजिकॅममध्येही एफ२ च.

गूगलचं जुनं फोटो सॉफ्टवेअर पिकासा अजून वापरात असेल तर जास्त जपून. त्याला गूगलचा पाठिंबा १५ मार्च २०१६ ला थांबला, दुरुस्ती येणार नाही. पिकासा आपले क्रॉप आणि रंगबदल प्रत्येक फोल्डरमधल्या ‘डॉट पिकासा डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये फोटोच्या नावाखाली लिहून ठेवतो. फोल्डरचं नाव बदललं तर ही फाइल सोबत जाते, काही बिघडत नाही. फोटोचं नाव पिकासाच्या बाहेर बदललं की त्या फोटोचे बदल सुटतात. घरच्या जुन्या संग्रहात वर्षानुवर्षांची मेहनत त्या छोट्या फाइलींत असते. ‘कचरा फाइली’ म्हणून त्या कुणी पुसणार नाही एवढं पाहा.

पाथ इतका लांब असेल की एक्सप्लोरर नाव बदलायलाही तयार नाही, तर सर्वांत वरच्या फोल्डरपासून सुरू करा: एकाला ‘१’, त्याच्या आतल्याला ‘२’. दोन-तीन पायऱ्यांत खालचं हाताशी येतं. सेव्हन-झिपच्या फाइल मॅनेजरमधूनही लांब पाथ उघडतात. दुसऱ्या डिस्कवर न्यायचं असेल तर रोबोकॉपी वापरा. ती लांब पाथ मुळातच सांभाळते, एक्सप्लोररची कॉपी मध्येच थांबते.

पूर्ण पाथ २०० च्या आत ठेवावा असं आमचं ठाम मत आहे. उरलेली ५९ अक्षरं शेपट्यांसाठी आणि उद्या फोल्डर दुसरीकडे हलला तर त्यासाठी. फाइलनावात तारीख, एक शब्द, क्रमांक एवढंच: ‘२०२४०९१७_विसर्जन_००४१’ या नमुन्याचं, पण प्रत्यक्षात इंग्रजी अक्षर-अंकांत. मराठी वर्णन जिथे शोभतं तिथे, म्हणजे मेटाडेटाच्या ‘कॅप्शन’ किंवा ‘डिस्क्रिप्शन’ रकान्यात लिहा. ‘टायटल’मध्ये नको: आयपीटीसी या फोटोत माहिती लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत त्या रकान्याला फक्त ६४ बाइट आहेत, म्हणजे मराठीची जेमतेम २१ चिन्हं, आणि काही सॉफ्टवेअर उरलेलं कापून टाकतं. कॅप्शनला २,००० बाइट मिळतात.

कॅटलॉगचा स्वतःचा पाथ

फोटोंचे पाथ छोटे आहेत, तरी लाइटरूम प्रीव्ह्यू बनवताना पडतं? कॅटलॉग कुठे ठेवलाय ते पाहा. कॅटलॉगशेजारी ‘प्रीव्ह्यूज’ नावाचा फोल्डर असतो, त्यात एका अक्षराचा फोल्डर, त्यात चार अक्षरांचा, आणि त्यात प्रीव्ह्यूची फाइल. अनेक आवृत्त्यांत या फाइलचं नाव एक्स्टेन्शनसह ७६ अक्षरांचं येतं. मधले फोल्डर आणि स्लॅश धरले तर कॅटलॉगच्या नावापुढे साधारण १०० अक्षरं आपोआप खर्च होतात. म्हणजे कॅटलॉगचा फोल्डर आणि कॅटलॉगचं नाव मिळून १५८ च्या आत हवं. त्यात आवृत्ती बदलताना कॅटलॉगच्या नावाला आकड्यांची शेपटी लागत जाते. उपाय सरळ आहे: सॉफ्टवेअर बंद करा, कॅटलॉगचा फोल्डर सगळा उचलून ड्राइव्हच्या मुळाशी छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि कॅटलॉगवर डबल क्लिक करून उघडा. मूळ फोटो जागच्या जागी आहेत, त्यामुळे दुवे तुटत नाहीत.

‘लाँग पाथ्स’ची खूण

विंडोज १० च्या २०१६ मधल्या १६०७ आवृत्तीपासून ही मर्यादा उठवण्याची सोय आहे. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, फाइलसिस्टिम असं जा आणि ‘लाँगपाथ्सएनेबल्ड’ची किंमत १ करून मशीन रीस्टार्ट करा. पण ही खूण अर्धीच किल्ली आहे. उरलेली अर्धी प्रोग्रामकडे: ‘मला लांब पाथ चालतात’ असं त्याने स्वतःच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीपत्रकात) जाहीर केलेलं असावं लागतं. जुने प्रोग्राम तसं करत नाहीत, आणि त्यांच्यासाठी ही खूण असली-नसली सारखीच. करून पाहायला हरकत नाही, तिच्यावर विसंबून नावं वाढवू नका.

नाव निर्दोष निघालं तर

लाइटरूममध्ये प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स, ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ बंद करा आणि रीस्टार्ट करून तीच कृती करा. क्रॅश थांबला तर ड्रायव्हर नवा टाका. फोटोशॉप सुरू होतानाच पडत असेल तर ते उघडताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरा, प्रेफरन्सेस मूळ स्थितीत येतात.

मॅकवर वापरलेल्या एक्सफॅट डिस्कवर प्रत्येक फोटोमागे टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी, बहुधा ४ केबीची, त्याच नावाची जोडफाइल असते. तिचं एक्स्टेन्शन जेपीजी असलं तरी आत फोटो नसतो, आणि काही सॉफ्टवेअर तिच्यावर ठेचकाळतं. विंडोजवर न्यायच्या प्रतीतून त्या काढून टाका, मूळ डिस्कवर राहू द्या.

आणि अदलाबदलीत फाइलच खराब निघाली, तर तिचा आकार त्याच कॅमेऱ्याच्या शेजारच्या फोटोंशी ताडून पाहा. शेजारचे ८ एमबी आणि ही १ एमबी असेल तर कॉपी अर्ध्यात तुटली आहे. कार्ड अजून फॉरमॅट झालं नसेल तर ते आत्ताच बाजूला काढून ठेवा, त्यावर एकही नवा फोटो काढू नका आणि मूळ फाइल दुसऱ्या कार्ड रीडरने पुन्हा कॉपी करा.